घर खाली करण्याचा हुकूम

नांदूरघाट
माघ शुद्ध अष्टमी, शके १८३३

केसरवहिनी, तुझ्या नणंदेचा नमस्कार घे. इथं मायचा आशीर्वाद लिहायची रीत आहे, पण माय आत्ता अंगणात एका रांजणाला मिठी मारून उभी आहे आणि तिच्याकडं आशीर्वाद मागायची माझी छाती नाही. तो मागाहून.

वहिनी, आपलं घर रिकामं होतंय! तुला खोटं वाटेल. मलाही वाटतंय, म्हणून चार ओळी लिहिल्या की उठून बघून येते. मधल्या खोलीतल्या उतरंडी उतरल्या. एखादी नाही, सगळ्या. आढ्याला टेकलेल्या त्या मडक्यांच्या चळती, ज्यांना मी जन्मल्यापासून कोणी हलवलेलं पाहिलं नाही, त्या अंगणात लिंबाखाली उन्ह खात बसल्यात.

मागच्या साली बायनीला कडेवर घेऊन तू गाडीत चढलीस तेव्हा म्हणाली होतीस, "ही अडगळ हाय तवर माझं लेकरू ह्या घरात येनार न्हाई." मी मनात म्हटलं, म्हणजे कधीच नाही. मायची अडगळ हलवायची म्हणजे बालाघाटाचा डोंगर हलवायचा. बायनीच्या पायाला विंचू चावला त्या दिवशी तू म्हणालीस तो उतरंडीखालून आला, माय म्हणाली तो तुझ्या सरपणातून आला, आणि त्यावरून तुम्हा सासूसुनांत जे शब्द झाले ते दोघींनाही पाठ आहेत. मी कागदावर उतरवत नाही. पण "माझी उतरंड खुपती तर तुझ्या म्हायेरी जा" हा शेवटचा शब्द मायचा होता, हे मला ठाऊक आहे आणि तिलाही.

आता हे झालं कसं ते ऐक. काल सकाळी कोतवाल दवंडी पिटत आला. केजकडं उंदीर पडायला लागलेत. ताऊन आलाय, म्हणजे तोच गाठीचा रोग, ज्यात आधी उंदीर मरतात आणि मग माणसं. कोतवाल आपल्या दारासमोर थांबून ओरडला, "सरकारचा हुकूम हाय! ताऊनची बीमारी जवळ आलीय! समद्यांनी आपापली घरं खाली करावी! न्हाई करनाराला दंड व्हईल!"

माय भाकरी थापत होती. हात तसाच पिठाचा ठेवून उठली.

"मोहन्या, ऐकलं का? घर खाली करायचं हाय."

दादा म्हणाला, "माय, मला वाटतंय ते येगळं..."

"येगळं काय? उंदरं कुठं ऱ्हातेत? सामानात. म्हून सरकार म्हनतंय सामान काढा, घर खाली करा. सरकार काय येडं हाय का?"

वहिनी, जी बाई तुझं ऐकली नाही, माझं नाही, दादाचं नाही, आमच्या वडलांचं तर जन्मभर नाही, ती कधी न पाहिलेल्या सरकारचं एका हाकेत ऐकली! दंडाची धास्ती, दुसरं काय. दादानं माझ्याकडं बघितलं, मी दादाकडं बघितलं, आणि आम्ही दोघं मुकाट्यानं कामाला लागलो. असा हुकूम पुन्हा सुटेल का?

आतून काय काय निघालं ते सांगत बसले तर कागद पुरणार नाही. खुंटा नसलेलं जातं निघालं आणि दुसऱ्या कोपऱ्यातून जातं नसलेला खुंटा निघाला, आणि दोघांची गाठ घालून बघितली तर जमेना. आज्याचा एक जोडा निघाला. एकच. दुसरा कुठं गेला म्हणून विचारलं तर माय म्हणाली, "तो सापडला की जोडी व्हईल म्हून तर ठिवलाय." आज्याला जाऊन माझ्या वयाएवढी वर्षं झाली. मग एका मडक्यात गाडगं, गाडग्यात बोळकं, बोळक्यात एक पुरचुंडी निघाली, गाठीवर गाठ मारलेली. "हळू सोड," माय म्हणाली, "त्यात कायतरी जपून ठिवलंय." दादानं दातांनी गाठी सोडवल्या. आत एक चिंधी होती. पुरचुंडी बांधायला लागंल म्हणून जपून ठेवलेली चिंधी.

मी हसले तर मायनं मला पळी फेकून मारली.

बंकट मेंढरं घेऊन तुमच्या सिरसाळ्याकडं निघालाय, हे पत्र त्याच्या घोंगडीत बांधून देते. मेंढरांच्या चालीनं येईल, पण येईल. तुला अक्षरं मीच शिकवली, चुलीपुढच्या राखेत बोट फिरवून, तेव्हा वाचता आलं नाही असं सांगू नकोस. उत्तर लिही.

अजून एक. पाली गावचे काही पाहुणे येणार आहेत असं सुंदरमामा सांगून गेलाय. कशाला ते तू विचारू नकोस.

तुझी वन्सं,
गीता


नांदूरघाट
माघ शुद्ध एकादशी

वहिनी, बंकट अजून वेशीतच आहे. त्याची एक मेंढी व्याली म्हणून थांबलाय. देवच पावला म्हणायचा, कारण पहिलं पत्र शिळं झालं. दोन्ही एकदम वाच, पण आधी ते, मग हे.

हसून माझ्या बरगड्या दुखतायत. झालं असं, की आपल्या मायला सरकारी हुकमातलं कळतं असं शेजारच्या भिवराबाईला कोणी सांगितलं देव जाणे. तिनं आपल्याकडं बघितलं आणि तिचीही उतरंड अंगणात आली. तिचं बघून पलीकडच्यांची. उन्ह चढेपर्यंत अर्ध्या गल्लीचा संसार दारात! बाजा, टोपल्या, कणग्या, सुपं. कोंबड्यांना तर कुठं बसू आणि कुठं नको असं झालं. आणि तेवढ्यात पटवारी घोड्यावरून आले.

"हे काय? बाजार भरवलाय का?"

माय पदर सावरून पुढं झाली. "हुकूम पाळला, मालक. समदं घर खाली केलं."

पटवाऱ्यांना ते समजायला जरा वेळ लागला. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई! मकान खाली करा म्हणजे तुम्ही निघा! माणसांनी रानात जाऊन राहायचं! सामान राहू द्या तिथंच, जीव बाहेर काढा!"

सगळ्यांनी मायकडं बघितलं. दुसरी बाई असती तर आत पळाली असती. माय म्हणाली, "मग कोतवालाला नीट बोंबलाया शिकवा की."

असा सगळा गोंधळ. पण वहिनी, मला सांगायचंय ते पुढंच आहे. मी आत गेले. मधल्या खोलीत. ती केवढी मोठी आहे ग! मी दोन्ही हात पसरून गोल फिरले आणि कशाला म्हणून लागले नाही. माळवदाच्या सवण्यातनं, त्या वरच्या भोकातनं, उन्हाचा कवडसा येतो तो आपण मडक्यांच्या डोक्यावर पडलेलाच बघत आलो, तो सरळ भुईवर पडला होता. आणि भिंतीला, थोरल्या उतरंडीच्या मागं, झरोका आहे. खरंच झरोका! लाकडाची चौकट आहे, दोन गज आहेत. मी ह्या घरात जन्मले, सासरी गेले, कुंकू पुसून परत आले, आणि इथं झरोका आहे हे मला माहीत नव्हतं. त्यातून आपली विहीर दिसते, आणि पलीकडं हरभऱ्याचं रान.

मी ओरडले, "माय, हितं झरोका हाय!"

ती दारातनं म्हणाली, "हाय की. तुझ्या बापानं हौसेनं ठिवला व्हता. मंग उतरंड लागली." जसं काही उतरंड आपल्या पायांनी चालत येऊन लागली.

आता पाहुणे. ते अशा वेळी आले की मी नवस बोलले असते तरी जमलं नसतं. तू वाचणार म्हणून मी पहिल्या पत्रात तोंड मिटलं होतं, पण आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ऐक आणि लगेच जीव घाबरा करून घेऊ नकोस. मामानं दादासाठी दुसरी बायको बघितली होती. "बायकू वर्सभर म्हायेरी बसल्यावर पोरानं काय गोसावी व्हायचं का," असं त्याचं म्हणणं. माय हो म्हणाली नव्हती. नाही पण म्हणाली नव्हती, हे मी तुझ्यापासून चोरत नाही. दादा एवढंच म्हणाला होता की पाहुणे आले तर मी रानात असेन.

तर ते आले. मामा पुढं, मागून पालीचे तिघं, फेटे बांधून. आणि दारात काय बघतात? घरातलं चमच्यापासून चाटूपर्यंत सगळं बाहेर, भोवती गल्लीची गर्दी, मध्ये घोड्यावर पटवारी, आणि ते रानात जाणाऱ्यांची नावं टिपून घेतायत. आता तूच सांग, हे बघून शहाण्या माणसाला काय वाटेल? जप्ती! सोयरीक करायला येणारे आधी उतरंड बघतात, मग नवरा. त्यातला म्हातारा पाहुणा ओसरीवर चढला, आत डोकावला, आणि रिकाम्या भिंती बघून तसाच मागं फिरला.

"उतरंड कुठं हाय हो ह्यांची?"

"हाय की! ही काय, भाईर हाय," मामा म्हणाला.

"भाईर कावून हाय?"

मामा म्हणाला, "सरकारनं काढाया लावली."

झालं! पाण्याचा तांब्या मी घेऊन येईपर्यंत ते वेशीकडं लागले होते. मामा धोतर धरून त्यांच्यामागं. आणि दादा, जो रानात जाणार होता पण बाजा उचलण्यात अडकला होता, तो कणगीवर बसून हसत होता. वहिनी, तू गेल्यापासून मी त्याला हसताना बघितलं नव्हतं. डोळे पुसत होता आणि हसत होता.

माय हसली नाही. ती पाहुणे यायच्या आधीपासूनच गप्प होती. त्याला कारण आहे, पण ते लिहायचं नाही अशी तिनं मला शपथ घातलीय, म्हणून लिहीत नाही. आहे, एवढं ध्यानात ठेव.

उद्या आम्ही रानात निघतो. एक गाडी, त्यात बसेल तेवढंच.

गीता


आपलं विहिरीवरचं रान
फाल्गुन शुद्ध पंचमी

वहिनी, बंकट आला. तू लिहिलं नाहीस म्हणून मी रागावले होते, पण त्यानं तोंडी निरोप दिला आणि माझा राग पळाला. "म्हनाल्या, झरोका खरंच हाय का? आन् म्हनाल्या, इच्चू कुठून आलता ते कळलं का?" एवढं बोलून तो मेंढरांमागं गेला. पालीच्या पाहुण्यांबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. पण बंकट म्हणतो वाचता वाचता तू एकदा मोठ्यानं हसलीस. कुठं ते त्याला कळलं नाही. मला कळलं.

पहिल्याचं उत्तर: खरंच आहे. माझ्या गळ्याची शपथ. दुसऱ्याचं उत्तर मला माहीत आहे, पण ते द्यायचा हक्क माझा नाही. जरा थांब.

आधी इथलं सांगते, कारण मला राहवत नाही. कडब्याची झोपडी आहे, वर पळसाची पानं. आत काय आहे? तवा, काठवट, पाण्याची घागर, दोन गाडगी, ज्वारीचं पोतं, पांघरायला घोंगड्या. बाकी काही नाही, आणि गंमत म्हणजे बाकी काही लागलंच नाही. एकदासुद्धा नाही! पहिल्या दिवशी माय उठसूट म्हणायची, "ते पितळी तबक आनाया पायजे व्हतं." कशाला, म्हटलं, तर सांगता येईना. दोन दिवसांनी तबकाचं नाव गेलं.

सकाळी भाकरी झाल्या की काम संपतं. झाडायला एवढीशी भुई, घासायला दोन भांडी. माय हात पुसून बाहेर बसते आणि इकडंतिकडं बघते, जसं कोणीतरी तिला हाक मारून कामाला लावणार आहे. परवा मला म्हणाली, "गीते, दिस लई लांबलाय का गं?"

मी म्हटलं, "दिस तेवढाच हाय. मडकी कमी झालीत."

तिनं मला डोळे वटारले. पण दुपारी बघते तर ती आणि भिवराबाई बाभळीखाली सागरगोटे खेळतायत! आपली माय! एक गोटा वर उडवते, खालचे गोळा करते, आणि चुकली की म्हणते वारा आला. भिवराबाई म्हणते, "भामाबाई, रडीचा डाव खेळू नगं." माय म्हणते, "मला न्हाई येत रडीचा." दोघींची रोज भांडणं आणि रोज पुन्हा डाव. मी तिला एवढी मोकळी कधी बघितली नव्हती ग. मला आपलं वाटायचं, मायचा स्वभावच तसा, किरकिरा. आता वाटतं की रोज त्या सगळ्या मडक्यांची राखण करायची, कोणी फोडू नये, कोणी नेऊ नये, कुठल्यात काय ठेवलं ते विसरू नये, ह्यात बाईनं हसायचं कधी?

दादा रोज गावाच्या कडेनं जाऊन लांबून घर बघून येतो. सामान अंगणातच राहिलंय, आत घ्यायला कोणाला वेळ होता? मायला एकच घोर, चोर नेतील.

मी इथपर्यंत लिहिलं आणि माय शेजारी येऊन बसली. "तिनं काय इचारलंय?" म्हणाली. मी सांगितलं, झरोक्याचं. "आन्?" मी लिहीत राहिले. "आन् काय, गीते?" मग मी सांगितलं.

ती मातीत बोट फिरवत म्हणाली, "शपथ सोडली तुझी. लिही. थोरल्या उतरंडीचा बुडचा रांजन मीच हलीवला. त्याच्या बुडाला इच्चू व्हता. पाठीवर पिल्लं घिऊन बसलता. बक्कळ पिल्लं. सरपनातून न्हवता आला. माझ्याच रांजनाखाली व्हता म्हून लिही."

मी लिहिलं. विचारलं, आणखी काही?

"लेकराचा पाय दुखतो का आजून, ते इचार."

मी खाली मान घालून लिहितेय, म्हणजे तिला माझं तोंड दिसायला नको आणि मला तिचं. वहिनी, ती खोटी पडली हे मला कळावं म्हणून तिनं सांगितलं नाही. तुला कळावं म्हणून सांगितलं. तू ह्याचं काय करशील ते कर, पण पायाचं उत्तर तेवढं लवकर पाठव. त्रिंबक बैल विकायला सिरसाळ्याच्या बाजाराला निघालाय, त्याच्याकडं देते.

गीता


नांदूरघाट
चैत्र शुद्ध षष्ठी, शके १८३४

वहिनी, आलो घरी! उन्हं तापली आणि रोग हटला. वेशीकडची काही घरं उघडली नाहीत, पण आपली गल्ली सगळी परत आली. पाडवा रानातच झाला.

घरी येताना माय बैलांच्या पुढं पळत होती. अंगणात शिरली, आणि थबकली. सगळं होतं तसं होतं. लिंबाचा पालापाचोळा पडलेला, मडक्यांवर धुळीचा थर, एका गाडग्यात चिमणीनं घरटं केलेलं. पण गेलं काहीच नव्हतं. मी म्हटलं, "बरं झालं, चोर आले न्हाईत."

माय एक एक मडकं बघत फिरली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आले कसे न्हाईत? भिवराच्या दारातनं कढई गेली, पलीकडं पोहरा गेला. आपल्या दारावरनंच गेले असतील की! एवढं समदं उघड्यावर पडलंय, आन् चोरानंबी हात लावला न्हाई?" तिचा असा अपमान जन्मात झाला नव्हता. रागानं नाकपुड्या फुगल्या होत्या. "चोराला नगं झालंय ते मी सांभाळत बसू व्हय?"

"द्या," ती म्हणाली, "ज्याला लागंल त्याला द्या."

मग काय विचारतेस! पण सुखासुखी देईल ती माय कसली. घेणाऱ्याला आधी चार शब्द ऐकवायची. "फोडू नगं, माझ्या सासूचं हाय." "कडंनं धर, तसं न्हाई." एकीला मडकं दिलं आणि तिच्या घरापर्यंत मागं गेली, ते कुठं ठेवते ते बघायला. जात्याचा खुंटा भिवराबाईच्या जात्याला चपखल बसला, ह्याचं तर तिला इतकं कौतुक की दळताना बघत बसली. आज्याचा जोडा तिनं कोणाला दिला नाही, विहिरीजवळ खड्डा करून पुरला आणि हात धुतले. फुटक्यांत पाणी भरून पाखरांना ठेवलं. तुमच्या घरात काय कमी पडलं म्हणून वाटताय, असं मामा विचारायला आला होता. त्याला ते पितळी तबक देऊन वाटेला लावला.

माझं गाठोडं सापडलं, मी सासरहून आणलेलं. मायनं मला न सांगता उतरंडीच्या तळाशी घातलं होतं, डोळ्यांसमोर नको म्हणून. आत हिरवं लुगडं होतं. मी ते थोडा वेळ मांडीवर धरून बसले, रडलेही, खोटं कशाला सांगू. मग कात्री घेतली. त्याची बायनीला दोन परकर आणि एक दुपटं झालंय, आणि ती माझ्यावर हक्क सांगायला येणार नसेल तर मी ते कोणाला घालू?

मधली खोली दादानं पांढऱ्या मातीनं पोतेरली. उंदरांची बिळं दगड ठोकून बुजवली. आढ्याला झोका टांगला आणि पेलतो का बघायला स्वतःच बसला, तर आढं असं करकरलं की माय चुलीपासून धावत आली. आत आता एक कणगी आहे, एक फडताळ आहे, तुमची बाज आहे. झरोका उघडा ठेवतो. संध्याकाळी हरभऱ्याच्या काडाचा वास आत येतो.

त्रिंबक काल आला. पाय दुखत नाही, बायनी पळते, हे ऐकून मायनं चुलीत फुंकर घातली, धूर झाला, आणि डोळे पुसले. पण पुढचा निरोप त्यानं मला बाजूला घेऊन सांगितला. तुझे वडील अर्जुनराव म्हणाले, जावई दोनदा येऊन गेले, पोरीनं ऐकलं नाही. आणि तू दाराआडून म्हणालीस, "जी जा म्हनाली तिनं ये म्हनावं."

वहिनी, तू चूक बोलली नाहीस. पण मला धडकी भरली. व्याह्याच्या दारात सासूनं सुनेला न्यायला जायचं, हे आपल्यात कोणी केलंय? आणि तेही आपल्या मायनं? मी दिवसभर ते पोटात ठेवलं. शेवटी आज सकाळी सांगून टाकलं. ती रांजण घासत होती, शेवटचा उरलेला, पाण्यासाठी ठेवलेला. तिनं मान वर केली नाही. घासतच राहिली. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

आता मला काही सुचत नाही. दादा झोक्याची दोरी बांधतो, सोडतो, पुन्हा बांधतो. माझं मन सांगतं तू येशील, आणि लगेच सांगतं, अशी ही माय, कशी येशील? एवढं घर मोकळं केलं आणि ते मोकळंच राहिलं तर, वहिनी, मी त्या झरोक्यापाशी कशी बसू?

गीता


नांदूरघाट
चैत्र शुद्ध अष्टमी, सकाळ

वहिनी, घाईत लिहितेय, अक्षर लाव कसंही. वरचं पत्र पाठवायला माणूस मिळाला नाही. आता मिळालाय. हे दोन्ही कागद तुझ्या हातात जो देईल त्याच्याकडं नीट बघ, कारण ती माय आहे.

पहाटे उठून बघते तर तिनं न्हाऊन लुगडं नेसलेलं, आणि दादाला म्हणते, "गाडी जुंप. सिरसाळ्याला जायचंय." दादा बैलाच्या पाया पडायचा तेवढा राहिला. त्यानं पटापट गाठोडी आणली, भाकरीची, धान्याची, व्याह्यांना द्यायचं म्हणून गुळाची ढेप. माय गाडीत उभी राहून एक एक खाली उतरवत गेली. भाकरी ठेवल्या, गूळ ठेवला. बाकी म्हणाली नगं. "येताना दोघी हायेत. लेकराला निजाया जागा लागंल."

मी तिला म्हटलं, "माय, तिथं काय म्हनायचं ते ठरीवलंस का?"

"न्हाई," म्हणाली. "जमंल तसं बघू." आणि मग हळूच, दादाला ऐकू जाणार नाही असं, "गीते, आली न्हाई तर?"

माझ्या आईनं मला आजवर काही विचारलं नव्हतं, वहिनी. सांगितलंच होतं. मी तिचा हात धरला. काय उत्तर देणार? ते तुझ्याकडं आहे.

तिला वाचता येत नाही, म्हणून मी मोकळेपणानं लिहिते. तू हे वाचत असशील तेव्हा ती तुमच्या ओसरीच्या कडेला बसली असेल, पाणी प्यायली नसेल, आणि बायनीकडं बघत नाही असं दाखवत असेल. ती माफी मागणार नाही. वाटभर ती "ये" म्हणायचं घोकत येईल, दादाला गाडी हळू हाक म्हणेल, आणि तुझ्या दारात तो शब्द तिच्या घशात अडकेल. मला ती ठाऊक आहे. तू वाचून कागदाची घडी घातलीस की ती तुझ्या तोंडाकडं न बघता म्हणेल, "चल, बैलं उन्हात उभी हायेत."

वहिनी, तेच ते. त्याहून मोठ्यानं तिला म्हणता येत नाही. ऊठ.